दाजींनी लावलेला मॉनिटर

दाजी गेल्याचा फोन सुरतेत पर्वत पाटिया भागातल्या आमच्या साडीच्या कारखान्यात आला, तेव्हा मी डिझाइनच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर होतो. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. फोन शेठनी घेतला, आणि मला सांगताना त्यांनाच रडू आवरेना. माझे वडील गेले तेव्हा हेच शेठ स्मशानात घड्याळ बघत उभे होते... एवढ्या दुःखातही हे मनात आलंच. दाजींबद्दल वर्षानुवर्षं जे वाटत आलं, तेच तेव्हाही वाटलं. हेवा.

खरं तर त्यांना इथे चिकटवलं मीच. परभणीहून सुरतला आले तेव्हा ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. साड्यांची डिझाइनं कागदावरून कॉम्प्युटरवर आली, मी ते काम शिकलो आणि शेठकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला. वर्षभरातच शेठ मला म्हणायला लागले, "सुधाकरभाई, सरस छे, पण जरा दाजीने बतावी दो." छान आहे, पण दाजींना दाखवून घ्या. माझे दाजी साऱ्या कारखान्याचे दाजी होऊन बसले!

पडद्यावर दिसतो तोच लाल साडीवर उतरायला हवा, म्हणून मॉनिटर आधी नीट लावून घ्यावा लागतो. त्याची यंत्रं आमच्याकडे कुठली! दाजींनी ताईच्या लग्नातल्या शालूचा एक तुकडा मॉनिटरशेजारी टाचला होता आणि त्याचा रंग फाइलमध्ये ठेवला होता. सकाळी पडदा तापू द्यायचा, खिडकीवर काळं कापड ओढायचं आणि पडद्यावरचा लाल तुकड्याशी जुळेपर्यंत बटणं फिरवायची. त्याआधी ते तोंडातला तंबाखू थुंकून, चूळ भरून येत. जणू पूजेलाच बसायचंय.

एका उन्हाळ्यात माझ्या लक्षात आलं, तुकड्याचा रंग उडालाय. दुपारी उकडतं म्हणून खिडकीचं कापड काढायचे आणि ऊन नेमकं त्यावर पडायचं. दाजी रोज त्या विटक्या तुकड्याशी पडदा जुळवत होते. सगळंच फिकं दिसायचं, म्हणून ते रंग आणखी गडद करत सुटले होते. छापून आलेल्या साड्या पाहून मला आतून गुदगुल्या झाल्या. ताईचा शालू आणून शेठसमोरच मी तो तुकड्याशेजारी धरला.

"दाजी, मॉनिटर चुकलाय तुमचा. लाल पार भडक झालाय."

दाजींनी दोन्हीकडे पाहिलं. "चुकला की रे," ते म्हणाले. मग छापलेली साडी उलगडून हसले. "पर कसली भारी दिसायली बघ!"

त्या लग्नसराईत विदर्भ-मराठवाड्याच्या व्यापाऱ्यांनी तोच लाल मागून मागून नेला. शेठनी पेढे वाटले. मलाही एक मिळाला. या माणसाची चूकसुद्धा फळायची, आणि माझं बरोबर असणं कुणाच्या खिजगणतीत नव्हतं.

शेवटच्या आजारात त्यांना उजेड सोसवेना. तरी येत, बसत, रंग पास करत. तेराव्यानंतर शेठ मला म्हणाले, "हवे तमे ज जोजो." आता तुम्हीच बघा. या वाक्याची मी किती वाट पाहिली होती! दाजींच्या खुर्चीत बसून मॉनिटर चालू केला, तर पडदा जवळजवळ काळाच. त्यांनी ब्राइटनेस पार तळाला नेऊन ठेवला होता. म्हणजे हा सबंध हंगाम त्यांनी या अंधारात पास केला होता, आणि एकाही साडीचा रंग हुकला नव्हता.

मी पडदा नीट लावून घेतला. मग काय वाटलं कोण जाणे, बटण पुन्हा त्यांच्या जागेवर नेलं आणि डोळे ताणून लाल शोधत बसलो... आता रोज सकाळी कामाला लागण्याआधी एकदा तसं करतो. अजून तरी मला काहीही दिसलेलं नाही.