कापलेल्या दस्त्याची बंदूक

ट्रायफीना पेलीला पूर्ण नावाने हाक मारली ती एकदाच, लग्नात पाद्रीबाबांनी. एरवी पिंचर्स टिकल गावाच्या साठ घरांत ती ट्रिफीच. उंचीने पाच फुटांना दोन बोटं कमी, आवाज मात्र धक्क्यावरून थेट समोरच्या बेटाला ऐकू जाणारा. खेकड्यांच्या कारखान्यात तिने सव्वीस हंगाम काढले, त्यातले शेवटचे नऊ रांगेची मुकादम म्हणून. मुकादम म्हणून ती कशी होती हे विचारलंत तर लोक म्हणतात, "चोख होती." आणि मग जरा थांबून म्हणतात, "फारच चोख."

तिचा नवरा अँब्रोज सहा वर्षांपूर्वी ऑक्टोबरात गेला. चहाचा कप हातात होता, तो खाली ठेवायलासुद्धा वेळ मिळाला नाही. तो गेला आणि त्या घरातून नावेवर जाणारं माणूस संपलं. आमच्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर याचा अर्थ सरळ आहे. थंडी पडली की उत्तरेकडून टर येतात, बदकाएवढे काळेपांढरे समुद्रपक्षी. नावेवर जाणारं माणूस असेल तर रविवारी घरात टर भाजतो, कांदा आणि खारवलेलं डुकराचं मांस घालून. माणूस नसेल तर दुकानातली कोंबडी. आता कोंबडीला मी नावं ठेवत नाही, पण तिच्या वासाने कुणी जिना उतरून खाली येत नाही.

त्याच हिवाळ्यात, एका शनिवारी सकाळी ट्रिफीने दार उघडलं तर मुठीला दोन टर लटकत होते. नुसते मारलेले नव्हेत. पिसं काढलेले, ज्योतीवर भाजून लव उडवलेले, पोट साफ केलेले, सरळ भांड्यात घालण्याजोगे. दर दोनतीन आठवड्यांनी असंच होत राहिलं. पुढच्या वर्षीही, त्याच्या पुढच्याही. हे काम हेडलीचं, हे तिला कळायला डोकं लागलं नाही. तीन घरं सोडून राहणारा हेडली म्हणजे अँब्रोजचा नावेतला जोडीदार. तिने आभार मानले की तो बुटांकडे बघत म्हणायचा, "जास्तीचे होते गं."

आभार मानण्यात ट्रिफीने कसर केली नाही. हातमोजे विणून दिले, लाल बेरींचा मुरंबा दिला. पण मुरंबा म्हणजे मुरंबा, टर म्हणजे टर. आमच्याकडे पक्ष्याची फेड पक्ष्याने होते, आणि तीही देणाऱ्यालाच करायची असं नाही. ज्याच्या दारी कुणी येत नाही त्याच्या दाराला लावायचा. गावाच्या टोकाला एलायहूकाका होते, एक्याण्णव वर्षांचे. त्यांच्या दाराला आपल्या हाताने मारलेली एक तरी जोडी लावायची, एवढंच तिच्या मनाने घेतलं. "सहा वर्षं हात पसरतेय मी," ती आरशाला म्हणाली. "तळवा सपाट झाला माझा."

मग ती चर्चच्या हॉलमधल्या बंदुकीच्या वर्गात जाऊन बसली, अठरा जणांत पहिली आली, परवाना काढला आणि हेडलीच्या पडवीत जाऊन उभी राहिली. पडवीतच. आत गेली नाही, कारण आत ड्रुसिला होती.

ड्रुसिला म्हणजे हेडलीची बायको. तेरा वर्षं झाली, ती ट्रिफीशी बोलत नव्हती. मुकादम असताना ट्रिफीने तिचा तीन दिवसांचा उशीर वहीत लिहिला होता, कारण उशीर झाला की लिहायचा हा नियम. त्या तीन दिवसांत ड्रुसिलाची आई मरायला टेकली होती. भत्त्याला लागणारे कामाचे तास कमी भरले, आणि हिवाळ्यातला सरकारी बेकारभत्ता ड्रुसिलाला त्या वर्षी मिळाला नाही. ट्रिफीला आपली चूक आठवड्याभरातच कळली होती. पण कळणं वेगळं, तोंड उघडणं वेगळं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ दोघींकडे सारखाच होता.

"यंदा मी नावेत येणार," ती हेडलीला म्हणाली.

हेडलीने टोपी काढून हातात फिरवली. "बंदूक?"

"घेणार आहे. अँब्रोजची त्याच्या भावाने नेली."

"मग पंपाची घे. पुढची मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर, पुढे ढकलली की नवं आत. गोठलं तरी हाताने चालवता येतं. आपोआप चालणाऱ्या बंदुकीत खारं पाणी गेलं की ती रुसून बसते."

"आणि महागाची?"

"कशाला? समुद्राला किंमत वाचता येत नाही."

दोन तास गाडी चालवून ट्रिफी शहरातल्या शिकारी सामानाच्या दुकानात गेली. काउंटरमागे डॅरिल नावाचा पन्नाशीचा टकला गृहस्थ होता. त्याने तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, आणि त्याला फार वेळ लागला नाही.

"मिस्टरांसाठी का, बाई?"

"मिस्टर वर गेलेत. तिथे शिकारीला बंदी आहे. माझ्यासाठी दाखव."

डॅरिलने आधी अक्रोडाच्या लाकडाची, निळ्याशार नळीची एक पंपाची बंदूक काढली. दिसायला नवरी. किंमत ऐकून ट्रिफी म्हणाली, "नाकापेक्षा मोती जड. दुसरी?" दुसरी काळ्या प्लॅस्टिकची, नवी, स्वस्त. तिची मूठ मागेपुढे ओढताना वाळू भरल्यासारखी खरखरत होती, पण डॅरिल म्हणाला की वापराने सैल होईल. ट्रिफीने ती खांद्याला लावून पाहिली. बरी वाटली. आणि इथेच बहुतेक लोक फसतात. उबदार दुकान, अंगात पातळ स्वेटर, हात उघडे. अशा वेळी कुठलीही बंदूक बरीच वाटते.

पण ट्रिफीने आयुष्यभर थंड पाण्यात काम केलं होतं. "जरा थांब हं," म्हणून ती गाडीकडे गेली आणि परत आली ती नावेवरचा नारिंगी सूट चढवून, तो पाण्यात पडलं तर माणसाला तरंगवणारा, गादीसारखा जाड. मग दुकानाच्या मागच्या बेसिनमध्ये आपले लोकरी हातमोजे तिने चिंब भिजवले, पिळले आणि हातात घातले. दुकानात पाचसहा गिऱ्हाईकं होती. सगळी बघत राहिली.

एकजण म्हणाला, "मावशी, जहाज बुडालं काय?"

"अजून नाही. पण तू इतका वाकून बघतोयस, तूच पडशील आधी."

आता तिने नवी काळी बंदूक पुन्हा खांद्याला लावली. डोळे मिटून उचलायची, गालाशी टेकवायची आणि मग उघडून बघायचं, असं अँब्रोज करायचा. डोळे उघडले तर नळी छताच्या पंख्याकडे. सुटाच्या जाडीने खांद्याला टेकणारा लाकडी-प्लॅस्टिकचा भाग, म्हणजे दस्ता, दोन बोटं लांब झाला होता आणि बगलेत अडकत होता. सुरक्षेचा खटका घोड्यामागे एवढासा, ओल्या मोज्याला सापडेना. अक्रोडाच्या नवरीचंही तेच झालं. दुकानातल्या एकूण सात बंदुका झाल्या. डॅरिलच्या काउंटरवर पाण्याचं थारोळं साचलं, पण तो बिचारा स्वतःच पुसत राहिला. ट्रिफी आजही त्याचं नाव घेऊन म्हणते, देव त्याचं भलं करो.

सातवी ठेवल्यावर तो डोकं खाजवत म्हणाला, "एक आहे. पण दाखवायला लाज वाटते."

कोपऱ्यातल्या रॅकमधून त्याने एक जुनी पंपाची बंदूक काढली. नळीला कुणीतरी नावेचा करडा रंग फासला होता. आणि दस्ता मागून करवतीने चांगला दीड इंच कापलेला.

"कुणीतरी वाट लावलीय हिची," डॅरिल म्हणाला. "आतून ठणठणीत आहे. पण कापलेल्या दस्त्याला कोण हात लावतो? दोन वर्षं पडून आहे."

ट्रिफीने डोळे मिटून ती उचलली. उघडले. नळीच्या टोकावरचा मणी थेट समोरच्या घड्याळाच्या काट्यावर. खटका वर, अंगठ्याखाली, ओल्या मोज्यालाही लागणारा. मूठ मागेपुढे लोण्यातून फिरल्यासारखी. डॅरिलने तिच्याकडे बघितलं आणि किमतीची चिठ्ठी स्वतःच फाडून कमी आकडा लिहिला.

"ज्या बुटक्या माणसाने हा दस्ता कापला," ट्रिफी म्हणाली, "त्याला माझा नमस्कार सांग."

"कोण होता ते मला ठाऊक नाही हो."

"मग देवाला सांगते. त्याला ठाऊक असेल."

पहिल्या शनिवारी हेडली सुकाणूवर आणि ट्रिफी पुढे. तिने नऊ काडतुसं उडवली आणि समुद्राला नऊ भोकं पाडली. पी हळद नि हो गोरी, असं शिकारीत होत नाही. हेडलीला चौदा मिळाले. धक्क्यावर त्याने सात तिच्यासमोर ठेवले. नावेतले पक्षी माणशी वाटायचे, कुणी मारले ते विचारायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. रीत चांगलीच आहे. पण पुन्हा घ्यायची वेळ आली म्हणून ट्रिफी इतकी चिडली, की तिने दोनच उचलले आणि हेडलीला गुड डेसुद्धा न म्हणता घर गाठलं.

दुसऱ्या शनिवारी हेडली म्हणाला, "तू पक्ष्यावर मारतेस. तो जिथे पोचणार आहे तिथे मार."

त्या दिवशी चिखलासारखं बर्फ पडत होतं. मोजे भिजले, नळीवर बर्फाची साय धरली. पाण्याला लागून तीन टर सरळ ओळीत आले. ट्रिफीने बंदूक उचलली, गालाशी आणली, पुढे मारलं. एक पडला. मूठ मागे, मूठ पुढे, आणि दुसरा. दुपारपर्यंत चार झाले. चौथा जाळीने वर घेताना तिने त्याच्या ओल्या पाठीवरून हात फिरवला. "आभारी आहे रे बाबा," ती त्याला म्हणाली. हेडलीने ऐकलं, पण तो दुसरीकडे बघत होता.

परतताना तिची बडबड थांबेना. "दोन एलायहूकाकांना. आजच लावते. तुझं ते पिसं काढायचं यंत्र तासभर दे, म्हणजे झालं."

"कुठलं यंत्र?"

"अरे, ड्रिलला रबराची बोटं लावलेलं. अँब्रोजबरोबर बनवलं होतंस ते."

"ते जळून सात वर्षं झाली."

टर सोलायला काय पडतं हे तिला माहीत होतं. पिसं गच्च, मुळं खोल, एका पक्ष्याला अर्धा तास. चारपाच झाले की अंगठ्याची साल निघते.

"मग माझे पक्षी?"

"मी फक्त मारतो, ट्रिफी. पुढचं सगळं घरात होतं."

"आणि दाराला?"

"तुझ्या दाराशी मी कधी आलोय काय?" हेडली म्हणाला आणि त्याने टोपी भुवयांपर्यंत ओढली.

धक्क्याला लागल्यावर ट्रिफी घरी गेली नाही. हेडलीच्या वाट्याचे पक्षीसुद्धा तिनेच उचलले आणि त्याच्या मागच्या शेडचं दार ढकललं. हेडलीला अचानक आठवलं की नावेतलं पाणी उपसायचं राहिलंय. नावेत पाणी नव्हतं.

आत शेगडीपाशी ड्रुसिला उलट्या टबवर बसली होती, पुढ्यात आधीच्या पक्ष्यांचं पोतं, दोन्ही अंगठ्यांना चिकटपट्टी. तिने मान वर केली, ट्रिफीला पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. ट्रिफीने दुसरा टब ओढला. बसली. एक टर मांडीवर घेतला आणि छातीपासून सुरुवात केली. छाती झाली, मग ती पाठीकडे वळली.

"तुझी आई जात होती," ट्रिफी म्हणाली, "आणि मी वही भरत बसले. तीन ओळी खोट्या लिहिल्या असत्या तर कारखाना बुडाला नसता. चुकले मी, ड्रुसिला."

ड्रुसिलाने हातातला पक्षी उलटा केला. "तेरा वर्षं लागली तुला."

"लागली."

"मी काही माफ-बिफ केलेलं नव्हतं तुला. गैरसमज नको."

"मग सहा वर्षं हे कशाला केलंस?"

"अँब्रोज गेल्यावर रविवारी चर्चला जाताना तुझ्या घरावरून जायचे, तर कोंबडीचा वास यायचा." तिने नाक मुरडलं. "मला तो सहन होईना. आणि पिसांसकट पक्षी दिला तर लोक काय म्हणतील मला? तुला शिव्या देत देत सोलायचे. पिसं भराभर निघायची."

ट्रिफी हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसावं तर हाताला पिसं. "उपकार आहेत गं तुझे," ती म्हणाली. "मी हेडलीचे आभार मानत राहिले, आणि तो मेला ऐकून घेत राहिला."

"त्याला मुरंबा आवडतो," ड्रुसिला म्हणाली. मग तिने ट्रिफीच्या मांडीवरचा पक्षी बोटाने दाबून पाहिला. "हा कुणाचा?"

"एलायहूकाकांचा. मी मारलाय."

"मारला असशील. सोलला नाहीस. पाठीवर एवढे खुंट ठेवून म्हाताऱ्याला देणार? आण इकडे."

महिन्याभरापूर्वीची ट्रिफी असती तर म्हणाली असती, राहू दे, माझं मी करते. आता तिने तो मुकाट्याने ड्रुसिलाच्या हातात दिला आणि पोत्यातून दुसरा घेतला. सहा वर्षांत पहिल्यांदाच तिला घेताना जड वाटलं नाही.