बडे बाबूंचा दंड

"सिस्टर, वजन सोडून काय ते बोला," असं म्हणतच ते आमच्या दवाखान्यात शिरायचे. मग बाकावर बसायचे, दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवायचे आणि जणू मीच त्यांच्याकडे काही कामासाठी आले आहे अशा नजरेने माझ्याकडे बघत राहायचे.

गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात ते हेडक्लार्क होते. इकडे भोपाळात हेडक्लार्कला बडे बाबू म्हणतात, आणि त्यांच्या बाबतीत ते म्हणताना लोक जरा जास्तच हसायचे. मूळचे अकोल्याचे. तीस वर्षं इथल्या बरखेडा कॉलनीत राहून त्यांची मराठी अर्धी हिंदी झालेली. मी त्याच कॉलनीच्या दवाखान्यात नर्स. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. तब्येत दाखवायला येतो आणि तब्येतीचा विषय काढला की रुसतो.

गुडघे दुखतात म्हणून यायचे. मी म्हणायची, "बडे बाबू, दहा किलो कमी करा, गुडघे आपोआप गप्प बसतील."

"गुडघ्याचं औषध द्या. वजनाचं भाषण घरी फुकट मिळतं."

धाप लागते म्हणून यायचे, तेव्हाही तेच. घोरण्याची तक्रार घेऊन त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, त्यांना धरून आणलं, तेव्हा तर त्यांनी डॉक्टरबाईंना सांगितलं, "मी झोपलेला असतो, मला काही त्रास नाही. ज्यांना आहे त्यांना तपासा."

एकदा ऑक्टोबरात फ्लूची लस आली. कॉलनीतल्या साठीच्या आसपासच्या आणि शुगर-बीपीवाल्या लोकांना टोचायची होती. डॉक्टरबाई नव्या होत्या, तरुण, इंदूरच्या. सकाळी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "सिस्टर, जिनका वजन ज़्यादा है, उनको अलग से समझाइए." आणि मला नीट समजावलं. जाड माणसाच्या शरीरातही लस काम करते, पण तिचा जोर लवकर ओसरू शकतो. आजाराशी लढणाऱ्या पेशीही त्यांच्यात जरा सुस्त असतात. म्हणून त्यांनी दर वर्षी लस घ्यायची, आणि लस घेतली असली तरी ताप आल्या दिवशीच दवाखाना गाठायचा. फ्लूच्या गोळ्या पहिल्या दोन दिवसांत घेतल्या तरच खरा उपयोग. मी मान हलवली. मला सगळं समजलं होतं, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते.

व्हरांड्यात पंचवीस-तीस माणसं रांगेत होती. आमचा कंपाउंडर वजन करून चिठ्ठीवर लिहीत होता. बडे बाबूंना वहिनींनी कसंबसं काट्यावर उभं केलं, आणि त्या शहाण्याने मोठ्या आवाजात वाचलं, "एक सौ अठारह." मागून कोणीतरी म्हणालं, "काँटा तो ठीक है ना भाई?" रांग हसली. बडे बाबू हसले नाहीत. त्यांनी खाली वाकून चपला शोधायला सुरुवात केली. पोटाआड त्या त्यांना दिसत नव्हत्या. वहिनींनी पायाने पुढे सरकवल्या.

आत आले ते घुम्यासारखे. बाही वर केली. तो दंड माझ्या मांडीएवढा. अशा दंडात साधी सुई चरबीतच राहते, स्नायूपर्यंत पोचत नाही, म्हणून मी लांब सुई काढली. त्यांनी ती पाहिली.

"बाकी लोकांना छोटी आणि मला ही?"

"तुम्हाला दुखू नये म्हणून," मी साफ खोटं बोलले.

टोचून झाल्यावर ते कापूस दाबून बसून राहिले. सांगायची वेळ हीच होती. पण बाहेर लोक अजून हसत होते, आणि यांचे कान लाल झाले होते. मला कीव आली. मी म्हटलं, "झालं बडे बाबू. आता वर्षभर काळजी नको."

त्या माणसाने आयुष्यात माझं एकही वाक्य ऐकलं नव्हतं. हे नेमकं ऐकलं. पाठ केलं. कॉलनीभर सांगत सुटले, "सिस्टरने बोल दिया है, साल भर टेन्शन नहीं." कोणी शिंकलं तरी हे त्याच्या शेजारी बसून चहा प्यायचे. मला चीड यायची, पण रस्त्यात थांबवून काय सांगणार? मी आज सांगू, उद्या सांगू करत राहिले.

फेब्रुवारीत वहिनींचा फोन आला. "सिस्टर, यांना चार दिवसांपासून ताप आहे. आज बोलताना धाप लागून राहिली."

"चार दिवस? आणि आज सांगताय?"

"मी रोज म्हणत होती दवाखान्यात चला. तर म्हणे सिस्टरनं सांगितलं आहे, यंदा काही होत नाही."

मी तशीच धावले. ते पलंगावर उशांना टेकून बसले होते, ओठ निळसर. तरी मला पाहून म्हणाले, "साधा सर्दी-ताप आहे. लस घेतली आहे ना." एवढं बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागलं. बोटाला लावलेल्या यंत्रातला आकडा बघून मी ॲम्ब्युलन्स बोलावली. जिन्यावरून त्यांना उतरवायला सहा माणसं लागली. आणि हा माणूस वरून सूचना देत होता, "अरे भैया, कोपरा बघा, कोपरा."

नऊ दिवस ते ऑक्सिजनवर होते. मी रोज ड्युटी संपली की जायची. वहिनी बाहेरच्या खुर्चीवर डबा मांडीवर ठेवून बसलेल्या असायच्या आणि मला म्हणायच्या, "तुमची लस होती म्हणून तरी वाचून राहिले, नाही का हो?" मी हो म्हणायची. ते खोटंही नसेल. पण त्या बाईच्या शेजारी मला पाच मिनिटं बसवत नसे.

ते वाचले. घरी आल्यावर, बोलण्याइतका श्वास परतल्यावर, मी त्यांना वजनाचं आणि लसीचं सगळं सांगितलं. जणू मलाच ते नुकतं कळलंय अशा थाटात सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि वाद घातला. "शर्ट मापाने शिवतात, तर लस मापाने का नाही देत? ही सायन्सवाल्यांची चूक आहे. माझी नाही."

मी हा प्रश्न डॉक्टरबाईंना विचारला. त्या म्हणाल्या, "सवाल तो सही है." आता यांना कोण आवरणार?

वजन त्यांनी थोडं उतरवलं, आणि पोहे-जलेबीने परत चढवलं. पण पुढच्या ऑक्टोबरात ते सकाळी आठलाच दवाखान्यात हजर. बरोबर कॉलनीतली चार लठ्ठ माणसं, हाताला धरून आणलेली. आल्या आल्या कंपाउंडरला दम दिला, "नंबर मनात वाचायचा. समझे?" मग त्या चौघांना व्हरांड्यात उभं करून माझंच भाषण मला ऐकवलं. ताप आला की पहिल्या दिवशी यायचं, लस घेतली म्हणून घरी बसायचं नाही, मोठी सुई दिसली की लाजायचं नाही. मध्ये मध्ये चुका करत होते. मी दुरुस्त करायला गेले की म्हणायचे, "सिस्टर, तुम्ही टोचायचं काम करा." निवृत्त होईपर्यंत दर वर्षी हाच तमाशा.

निवृत्तीनंतर मुलाकडे अकोल्याला जायचं ठरलं. स्टेशनचं नाव बदललं तरी आम्ही अजून हबीबगंजच म्हणतो. तिथे मी पोचवायला गेले. वहिनी डब्यात सामान लावत होत्या. ते प्लॅटफॉर्मवर उभे, मला तिकडच्या डॉक्टरांचे नंबर वाचून दाखवत होते. मला एकदम राहवलं नाही.

"बडे बाबू, त्या दिवशी लस दिली ना, तेव्हाच मला सगळं माहीत होतं. लोक हसत होते म्हणून मी बोलले नाही."

त्यांनी नंबरांचा कागद खिशात घातला. मग म्हणाले, "सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं?"

"नसतं."

"नसतंच ऐकलं." त्यांनी रुमालाने मान पुसली. "पण सांगायला पाहिजे होतं, सिस्टर."

गाडीची शिट्टी झाली. दोन्ही दांड्या धरून, एकेका पायरीवर थांबत ते वर चढले. आत जाऊन बसा म्हणून मी ओरडत होते, पण ऐकतील तर शपथ. अख्खं दार भरून ते तसेच उभे राहिले. दोन्ही हात दांड्यांना घट्ट धरलेले, त्यामुळे निरोपाचा हात त्यांना करता येईना. वहिनी मागे पूर्ण झाकून गेल्या होत्या. गाडी हलली तेव्हा त्यांच्या काखेखालून वहिनींचा तेवढा हात बाहेर आला आणि प्लॅटफॉर्म संपेपर्यंत हलत राहिला.