जाजमाचा चौथा कोपरा

आमच्या घरात एक जुनं जाजम आहे. लग्नकार्यात अजूनही अंथरलं जातं. त्याचे तीन कोपरे मूळच्या छापाच्या कापडाचे आणि चौथ्याला लाल खारव्याचं ठिगळ आहे. सुना विचारतात, हे ठिगळ कसलं? मी सांगते, उंदरानं कुरतडलं होतं. बिचाऱ्या उंदरावर इतकी वर्षं आळ घेत आले आहे.

मी लग्न होऊन कामरगावजवळच्या या गावात आले, तेव्हा मोठी लढाई अजून सुरू व्हायची होती. आमच्या मळ्यात विहिरीला लागून आंब्याची झाडं होती. त्यांतलं सगळ्यांत थोराड झाड म्हणजे शेंद्र्या. त्याच्या आंब्याला देठाशी शेंदरी झाक यायची आणि कारंज्याच्या बाजारात तो हातोहात खपायचा. आंबे उतरवायला दरसाल ओढ्यापलीकडचा एक माणूस यायचा, सोबत बायको. काठीच्या टोकाला जाळी बांधलेला झेला घेऊन तो वर चढायचा, आंबा देठासकट जाळीत खुडायचा, झोळी भरली की दोरानं खाली सोडायचा. दोर झोळीला होता, माणसाला नव्हता. तेव्हा हे कुणाला खटकलं नाही. मलाही नाही.

त्याची मजुरी काय, तर पडलेले आंबे. जमिनीला लागला तो चढणाऱ्याचा, असा गावाचा रिवाज होता. झेल्यातून निसटलेले, फांदी हलली म्हणून गळलेले, सगळे त्याची बायको ओटीत वेचायची आणि बाजारात स्वस्तात विकायची. पावसाळ्यापुरती ज्वारी त्यातून व्हायची. ऐकायला रिवाज किती छान वाटतो! पण जरा विचार करा. माणूस जितकं नीट काम करील तितका तो उपाशी राहील आणि हात सैल सोडला तर चोर ठरेल. असा रिवाज बसवणाऱ्याचं डोकं मला एकदा पाहायचं होतं.

त्या साली झाडाला हात लावायच्या आधीच तो अंगणात येऊन उभा राहिला. सासरे ओसरीवर सुपारी कातरत बसले होते.

"मालक, औंदा एक सांगतो," तो म्हणाला. "पडला तो माहा, हे आता बंद करा. मले दर झाडामागं ज्वारी बांधून द्या. किती ते तुमीच ठरवा. मंग मी एकबी आंबा खाली पडू देत नाही."

सासऱ्यांचा अडकित्ता थांबला. "म्हंजे आजवर तू पाडून राह्यला होता!"

"तसं नाही मालक. नीट उतरवलं तं माह्या हाती काही लागत नाही, अन् पडला तं तुमी म्हंता मुद्दाम पाडला. दोन्हीकडून मीच मरतो."

इतकं सरळ बोलणं होतं. पण सासऱ्यांच्या कानात एकच गोष्ट शिरली, की हा इतकी वर्षं आपल्याला लुबाडत होता. माणूस वाईट नव्हता हो. दुष्काळात दारचं कुणी उपाशी पाठवलं नाही त्यांनी. पण कुणी काही मागितलं की ते द्यायचे, आणि कुणी हक्कानं बोललं की त्यांच्या मस्तकात जायचं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरचं लग्नाचं जाजम काढायला लावलं. "जमिनीले लागला तं त्याचा," ते म्हणाले, "लागलाच नाही तं?" आणि स्वतःच्याच अकलेवर खुश होऊन हसले. ओसरीवरची माणसं हसली. पदराआड मीसुद्धा हसले. घरचा कर्ता माणूस किती हुशार, असं मला वाटलं होतं.

शेंद्र्याखाली जाजम ताणून धरायचं होतं. एक कोपरा सासूबाईंनी धरला, एक जावेनं, एक मी. गडी बैलांच्या बंडीत आंबे रचत होते. चौथा कोपरा लोंबत होता. सासऱ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. चढणाऱ्याची बायको रिकामी ओटी घेऊन बांधाशी उभी होती.

"ए बाई, तू धर व तो कोना. रिकामी तं हायेस."

तिनं वर झाडाकडे पाहिलं. तो झेला घेऊन पुढच्या फांदीकडे वळला. नाही म्हणाला असता तर गावातलं दुसरं कुणाचंही झाड त्याला मिळालं नसतं, आणि चैत-वैशाखात दुसरं काम कुठलं? ती आली आणि तिनं कोपरा धरला. धरला तोही मन लावून. वरून "डावीकडं!" आलं की आम्हा तिघींच्या आधी तिची पावलं हलायची. तिच्या पोटाचा घास ती स्वतःच्या हातानं आमच्या जाजमात झेलत होती, आणि आम्हाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. उलट जाऊ मला हळूच म्हणाली, "बाई मोठी चपळ हाय व!"

दुपारी उन्हं चढली. झाड बहुतेक उतरलं होतं. विहिरीकडच्या एका फांदीवर घोस राहिले होते.

"ती फांदी अंदरून पोकळ हाय, मालक. ते राहू द्या," तो वरून म्हणाला.

"झाड निपटल्याबिगर उतरू नको," सासरे म्हणाले. कालचा राग अजून गेला नव्हता.

तो गेला. झोळी भरत आली होती. मग फांदी मोडल्याचा आवाज झाला. फांदी अर्धी चिरून खाली लोंबली, तिला अडकवलेली झोळी आमच्या बाजूला कलंडली आणि तो दुसऱ्या बाजूला, एका हातावर लटकत राहिला.

"इकडं घ्या! इकडं घ्या व माय!" ती ओरडली आणि तिनं जीव खाऊन जाजम आपल्याकडे ओढलं.

त्याच वेळी झोळीतून आंबे सुटले. आणि आम्ही तिघींनी जाजम आंब्यांकडे ओढलं. कुणी सांगितलं नव्हतं. सकाळपासून हाताला तेच वळण लागलं होतं, असं मी पुष्कळदा मनाला समजावलं. पण ती सकाळपासून आमच्याच सोबत होती. तिच्या हाताला ते वळण लागलं नव्हतं.

तिघी एकीकडे आणि ती एकटी एकीकडे. शिवण टरकन फाटली. आंबे आमच्या जाजमात आले आणि तो विहिरीकडच्या खडकावर पडला. ती फाटका कोपरा मुठीत घेऊन तशीच त्याच्याकडे धावली.

त्याला घरी न्यायला बंडी हवी होती. बंडी आंब्यांनी भरलेली होती. गड्यांनी ती रिकामी केली, पण हातानं, एकेक आंबा खाली ठेवत, मार लागू नये म्हणून. तो कण्हत होता आणि आम्ही उभ्या होतो. ओतून द्या ते आंबे, एवढं म्हणायला काय जात होतं माझं? नवी सून होते, हे खरं. पण तोंडाला कुलूप कुणी घातलं नव्हतं.

मोडक्या फांदीबरोबर जे घोस जमिनीवर आले होते, ते सासऱ्यांनी टोपल्यात भरून त्याच्या घरी पाठवले. "रिवाज म्हंजे रिवाज," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मुका मार लागलेला आंबा पिकत नाही, सडतो. हे त्यांनाही ठाऊक होतं.

काही दिवसांनी घरात लग्न निघालं. सासूबाई जाजम शिवायला बसल्या आणि मला म्हणाल्या, "तो कोना तिच्यापाशीच राह्यला. जाऊन पाहून ये व." मी गेले. ओढा ओलांडताना मनाशी घोकत होते, की आधी प्रकृती विचारायची, मग जाता जाता कोपऱ्याचं काढायचं.

तो खाटेवर पडून होता. कमरेनं गेला होता, पुन्हा झाडावर चढणार नव्हता. हात कामट्यांनी बांधून गळ्यात अडकवला होता, आणि अडकवला होता तो आमच्या जाजमाच्या तुकड्यात. छाप ओळखू येत होता.

मी तोंड उघडायच्या आत ती उठली.

"कोना न्याले आल्या ना, बाई?" तिच्या आवाजात राग नव्हता. ती सरळ त्याच्या मानेमागची गाठ सोडायला लागली. त्यानं दातांवर दात दाबून धरले, पण नको म्हणाला नाही. दोघंही आम्हाला पुरते ओळखून होते.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोटं कशाला सांगू, मी त्यासाठीच गेले होते.

"राहू दे," मी म्हणाले. पण तोवर गाठ सुटली होती आणि हात खाली आला होता. तिला तो पुन्हा त्याच तुकड्यात बांधावा लागला.