ताहेराच्या गोधडीवर बसलेली मोती

भूत, करणी, भानामती... असलं काही मी कधीच मानलं नाही. सगळी हयात शाळामास्तरकीत गेली. गल्लीत कुणी ताईत आणला तर माझ्यापुढं विषय काढायचं टाळायचे, उगाच वाद नको म्हणून. तरी ही हकिगत लिहितोय, कारण ती ऐकीव नाही — माझ्याच घरात घडली.

संस्थानच्या महाराजांच्या कारकिर्दीची ती शेवटची वर्षं. आम्ही कसबा बावड्यात राहायचो — मी, माझी बायको सकीना आणि धाकटी बहीण ताहेरा. आई-वडील गेल्यावर ताहेराला आम्हीच वाढवलं. घरामागं परस, तिथं जनावरांच्या पाण्याची जुनी दगडी डोण, आणि कुंपणापलीकडं उसाचं रान.

एका पावसाळ्यात कुणीतरी ताहेराला बदकाचं पिल्लू दिलं. इतकं अशक्त की ते जगेल असं कुणालाच वाटत नव्हतं. तिनं त्याला टोपलीत घालून चुलीजवळ ठेवलं, भिजवलेली कणी बोटानं भरवली. जगलं बिचारं. मोती असं नाव ठेवलं. ती ताहेराच्या टाचेमागं घरभर फिरायची, ताहेरा नमाजाला बसली की चटईच्या कडेला गप्प बसून राहायची.

थंडी सरता सरता ताहेराचं लग्न झालं. शाहूवाडीकडच्या एका खेड्यात दिली. भातशेतीचं घर, माणसं मायाळू. मोतीला तिथं न्यायचं तिच्या मनात होतं, पण नव्या नवरीनं सासरी बदक घेऊन जायचं... सकीनानंच तिला समजावलं.

त्यानंतर मोती बदलली. हातातून खाणारी मोती हात पुढं केला की टोचायला लागली. बारीक चिवचिव जाऊन घसा फुटल्यासारखा मोठा आवाज आला. दिवसभर मान वरखाली करत राहायची, मध्येच उसात नाहीशी व्हायची. सकीनाला वाटलं, ताहेराच्या आठवणीनं झुरतीय. शेजारच्या गंगूमावशींच्या घरी कोंबड्या-बदकं पिढ्यान् पिढ्या. त्या हसल्या. म्हणाल्या, "झुरत न्हाय की बिरत न्हाय. पिल्लू हाय व्हय ते आता? वयात आलीय तुमची मोती."

आणि झालंही तसंच. काही दिवसांनी उसाच्या कडेला अंडी सापडायला लागली. मी खूश. मुलांना शाळेत सांगितलंसुद्धा — बघा, प्रत्येक गोष्टीला कारण असतं.

पुढच्या पावसाळ्यात मात्र मोतीनं अंडी घालणं एकदम थांबवलं. एके दिवशी सकाळी ती घरात शिरली आणि आतल्या खोलीत गेली. तिथं कोपऱ्यात ताहेराची जुनी गोधडी असायची. मोतीनं स्वतःच्या छातीची पिसं उपटून गोधडीवर पसरली आणि त्यावर बसली. पोटाखाली अंडं एकही नाही.

"खुडूक बसलीय," गंगूमावशी म्हणाल्या. उबवायची वेळ आली की पक्षी असा बसतो, अंडी ठेवा म्हणजे गप होईल. आम्ही अंडी ठेवली. तिनं ती चोचीनं एकेक करून बाहेर ढकलली. मावशींनीही असलं पाहिलं नव्हतं. सकीनानं तिला उचलून डोणीत बुचकळलं, खुडूकपणा मोडायचा तो नेहमीचा उपाय. मोती ओल्या अंगानं परत गोधडीवर जाऊन बसली. दाणा जवळजवळ सोडलाच. अंगात नुसती हाडं राहिली. ही आता जगत नाही असं मी मनाशी धरलं, आणि खरं सांगतो — ताहेराला काय सांगायचं याचीच मला भीती वाटत होती.

मग एका सकाळी, मी शाळेला निघालेला असताना, मोती उठली. अंग झाडलं, परसात गेली आणि डोणीत मनसोक्त डुंबली. संध्याकाळी दाण्यासाठी दारात ओरडत उभी! सकीनानं त्या दिवशी शेजारी खीर वाटली.

पाऊस ओसरल्यावर ताहेराचा नवरा कासीम आला. त्याचा चेहरा बघूनच सकीनानं ताहेराचं विचारलं. तो घाईघाईनं म्हणाला, आता बरी आहे, काळजी करू नका. ताहेराला तापानं गाठलं होतं. ओढ्यांना पूर, निरोप धाडायला वाट नव्हती. हकीमानंही हात टेकले होते.

आम्ही दोघं लगेच गाडी जुंपून त्याच्याबरोबर निघालो. ताहेरा ओसरीवर उन्हाला बसली होती, वाळून काडी झालेली, पण हसत होती. सकीनाच्या गळ्यात पडली. मग माझा हात धरून म्हणाली, "भाईजान, मोती माझ्या कुशीत बसली होती. थंडी वाजायची तेव्हा तिची ऊब लागायची. ओल्या पिसांचा वाससुद्धा यायचा."

तापात माणूस काहीही बघतं. मी तेच म्हणालो.

तिची सासू तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मास्तर, आमच्याकडं बदक न्हाय. आख्ख्या वाडीत न्हाय. तरी हिचं अंथरूण मी रोज झाडायची, अन् रोज पांढरी पिसं निघायची. ही घाम फुटून उठून बसली, त्या दिवसापास्नं बंद."

सकीनानं माझ्याकडं पाहिलं. मोतीच्या त्या खुडूक बसण्याबद्दल आम्ही तोवर तिथं अवाक्षर काढलं नव्हतं.

मी कारणं पुष्कळ शोधली. माहेरच्या कपड्यांतून पिसं गेली असतील. पण रोज? मोती खुडूक होती हे पटतं. पण मग अंडी का ढकलली? पुढं जनावरांच्या एका डॉक्टरलाही विचारलं. वयात आलेल्या बदकाच्या सवयी त्यांनी छान समजावल्या, पिसांचं ऐकल्यावर मात्र विषय बदलला.

ताहेरा महिनाभर आमच्याकडं राहायला आली. मोतीनं तिला काही विशेष ओळख दाखवली नाही. हात पुढं केल्यावर करकचून टोचलं आणि उसाकडं निघून गेली. ताहेरा बोट चोळत हसत राहिली. मला अजूनही याचा उलगडा झालेला नाही. सकीनाला तो कधी करायचाच नव्हता. मोती म्हातारी होऊन जाईपर्यंत तिनं कधी तिला घरातून हाकललं नाही, एवढंच.