कार्डासाठी नागपूर

विमानतळावरच्या लाउंजच्या दारात माझी लेक सुधा विमान कंपनीचं सोनेरी कार्ड पुढे करते. दारातली मुलगी तिचं नाव घेऊन हसते, आणि पन्नाशीची सुधा शाबासकी मिळालेल्या शाळकरी पोरीसारखी ताठ होते. मी बघतच राहते.

वर्षाला ठरावीक विमानप्रवास केले तरच ते कार्ड टिकतं; वर्ष संपत आलं आणि एक प्रवास कमी पडत होता, म्हणून आम्ही नागपूरला निघालो होतो. तिथे आमचं कुणी नाही. उतरायचं आणि संध्याकाळच्या विमानाने परत!

"वेडी आहेस का गं?" मी विचारलं.

"कार्ड गेलं की आत कोण घेणार, आई? बाहेरच्या बाकावर तुझे गुडघे धरतात."

मला एक शहाणी आठवली. साताऱ्याच्या साडीच्या दुकानात मालक तिला 'या वहिनी' म्हणत, टेकायला लोड देत, चहा मागवत. एका वर्षी घरात ना लग्न, ना मुंज. आता चहा बंद होणार, या धास्तीने तिने नको असलेली जांभळी इरकल घेतली आणि वर घरी सांगितलं, "रंग फार आवडला." ती शहाणी मीच. साडी एकदाही नेसले नाही. चहा मात्र ऐटीत प्याले.

दारात कुणीतरी 'या' म्हणावं, एवढ्यासाठी माणूस काय काय करतं! मी ते स्वतःसाठी केलं. सुधाला ते 'या' माझ्यासाठीही हवं होतं.

आत लाउंजमध्ये मी दुसऱ्यांदा उपमा वाढून घेतला आणि म्हटलं, "पुढच्या वर्षी कमी पडलं तर सांग हो. मी मोकळीच असते."