सासूबाईंची काळी बोटं

माझ्या सासूबाईंची शेवटची इच्छा मी दाबून टाकली.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. सकाळी इष्टलिंगाची पूजा केली आणि घरखर्चाच्या वहीच्या मागच्या पानावर हे आधी लिहून काढलं. आता फोनवर उतरवते आहे. दहावी शिकलेली बाई आहे मी, शब्दांच्या चुका सांभाळून घ्या.

बाकीच्या नका सांभाळू.

सासूबाई गोड बाई नव्हत्या. पूर्णेत आमच्या गल्लीत त्यांच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती.

माझी मुलगी शिवलीला फॉरेन्सिक सायन्सच्या डिग्रीला लागली, तेव्हा त्या दारात बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या,
"आमची नात मुडदे चिवडायला चाललीय बाई!"

लीला हसली. "आजी, पहिल्या वर्षाला मुडदे नसतेत. नुसते बोटाचे ठसे, केस, अक्षर."

"मग न्हाव्याच्या दुकानात बस की. केसं फुकटात भेटतील."

दोघी हसल्या. मी नाही हसले.

लीला सुट्टीला संभाजीनगरहून आली की मी तिला मागच्या दारानं घ्यायचे. आधी मोरीत अंघोळ, मगच घरात पाऊल. तिच्यासाठी साबणाचा झिजलेला तुकडा वेगळा ठेवायचे. बॅग देवघरापासून लांब.

आमच्या लिंगायतांत विटाळ मानत नाहीत. मेलेल्या माणसाचासुद्धा नाही. मठाचे स्वामी दर वेळी सांगतात. मला पाठ आहे.

तरी.

मग सासूबाई मोरीत घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. आठ महिने अंथरुणात. पाठीला जखमा झाल्या, त्यांना वास यायचा.

मी रोज धुवायचे. पावणेरावळे म्हणायचे, सून असावी तर अशी.

धुताना मी नाकाला पदर लावायचे. माझ्या दोन जावा आल्या की त्याही लावायच्या.

दिवाळीच्या सुट्टीत लीला आली. तिनं नाकाला काहीच लावलं नाही. जखमेजवळ वाकली.

"आजी, डावीकडची जुनी हाय ना? दुखती का बधिर झाली?"

"काय बघायलीस एवढं? सिनेमा हाय का?"

"मला बघायचंच शिकवायलेत कॉलेजात."

"मग मी मेल्यावर बघ. आता लाज वाटायली."

पण त्या दिवसापासून त्या लीलाशिवाय कोणाला जखमेला हात लावू देईनात.

लीलाला प्रॅक्टिकलच्या फाइलसाठी दहा बोटांचे ठसे पाहिजे होते. तिनं आजीची बोटं शाईत एकेक करून फिरवली.

"चोर हाय का मी?"

"हायस की. आईचा गूळ कोण खाल्ला?"

"तुझ्या आईनं मोजून ठेवला असंल, तिलाच इचार."

ती शाई बोटांच्या भेगांत बसली. लीला म्हणाली, तेल लावून चोळलं की निघेल. ते राहूनच गेलं.

एका दुपारी लीला बाजारात गेली होती. सासूबाईंनी मला जवळ बोलावलं.

"ऐक. मी गेले की माझं अंग लीलानं धुवावं. तू न्हाई. तुझ्या जावा न्हाईत."

"असं का म्हणता आत्याबाई?"

"तुमचे पदर बघितलेत मी आठ महिने. मेल्यावर तरी कुणी नाक दाबू नये माझ्यासमोर."

मी "बरं" म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

मातीला झरी गावची माणसं आली. लीलासाठी तिथलं स्थळ बघितलं होतं, मुलगा शिक्षक. त्यांना आम्ही "मुलगी बीएस्सी करती" एवढंच सांगितलं होतं. मुलाची आई ओट्यावर येऊन बसली.

लीलानं बाह्या वर केल्या. "आई, मी धुते आजीला."

मला वाटलं, ही न घाबरता धुवेल, कोणीतरी विचारेल एवढं धाडस कुठून आलं, आणि फॉरेन्सिकचं सगळं बाहेर येईल.

"तू बाजूला हो. बिनलग्नाच्या पोरीनं हात लावायचा नसतो."

असा कुठलाही नियम नाही. मी तिथल्या तिथं केला.

ती थांबली. मग हळूच विचारलं, "आजी शेवटाला काही म्हणली होती का?"

"न्हाई."

आम्ही तिघी जावांनी घाईघाईनं धुतलं. तिघींचे पदर नाकाला.

मग आमच्या रीतीप्रमाणं त्यांना भिंतीला टेकवून बसवलं. भस्म लावलं, हार घातला. स्वामींनी डावा तळहात उघडून त्यावर इष्टलिंग ठेवलं.

पाची बोटं काळी.

दर्शनाला येणारा प्रत्येक जण आधी तो हात बघायचा. झरीच्या बाईंनी विचारलंच, "बोटं अशी कशानं हो? इख बिख खाल्लं का म्हातारीनं?"

लीला पुढं आली.

"ठशांची शाई हाय ती. माझ्या प्रॅक्टिकलची. मी फॉरेन्सिक शिकते."

त्या पदर सावरत उठल्या. झरीहून परत फोन आला नाही.

ज्या स्थळासाठी मी खोटं बोलले, ते माझ्याच चुकार हातांनी घालवलं. नीट धुतलं असतं तर कोणाला कळलंही नसतं.

त्या दिवशी लीला मला एवढंच म्हणाली, "आई, बोटं राहिली धुवायची."

आता मी तिला मागच्या दारानं ये म्हणत नाही. मागच्या सुट्टीत पुढच्या दारात उभी राहिले होते. ती मला बघून हसली, आणि सवयीनं मागं गेली. मोरीत पाण्याचा आवाज आला. साबणाचा तोच तुकडा.

खोटं मी चारचौघांत बोलले होते, म्हणून खरंही चारचौघांत लिहिते आहे.

लीला, तू हॉस्टेलवर हे वाचशील.

आजीनं तुलाच मागितलं होतं, बाई. नाव घेऊन मागितलं होतं.

आत्याबाई, हात जोडून शरणार्थ.