डाव्या चाकांची हवा

दुकानात आले की मामा आधी पँट गुडघ्यापर्यंत वर घ्यायचे आणि स्वतःच्या नडगीवर आडवा तळहात ठेवायचे. पहिल्या वेळी तो गुडघ्याच्या जरासाच खाली होता. "ताई, तिचा पाय एवढाच उचलतो. आता सांगा, कोणतं टायर बसंल?"

बदनापूरला रस्त्याच्या कडेला आमचं टायरचं दुकान आहे. नवरा मशीनवर, मी काउंटरवर. टायर घ्यायला आलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. कुणाला रुंद हवं असतं, कुणाला गाडी उंच दिसायला हवी असते, बहुतेकांना स्वस्त. बायकोच्या पायाचं माप स्वतःच्या नडगीवर घेऊन आलेलं गिऱ्हाईक मी हे एकच पाहिलं.

मामा सरकारी जीप चालवून रिटायर झालेले. हाताला सवय तीच, म्हणून नंतर तसलीच एक जुनी, उंच गाडी घेतली. मग मामींच्या किडन्या गेल्या आणि आठवड्यातून दोनदा जालन्याला डायलिसिस सुरू झालं. गाडीची पायरी त्यांना जड जायला लागली. लहान कार घ्या म्हटलं, तर ती त्यांच्या गावच्या दगडधोंड्यांच्या रस्त्यावर पोट टेकून बसली असती. पायाखाली पाट ठेवा म्हटलं. पाट ठेवून झाला होता, त्यावर मामींचा तोल जायचा. मग सरळ उचलून बसवा म्हटलं, तेव्हा गाडीतून मामींचाच आवाज आला.

"न्हाई बाई. उचलायचं ते एकदाच. तवा चौघं उचलतीलच की."

मामींचा हट्ट एवढाच होता. गाडीत आपल्या पायानं चढायचं. मामांनी तो स्वतःचा करून घेतला.

गाडीचं मूळ टायर २१५/७५, पंधरा इंची रिम. मधला आकडा कमी केला की टायर ठेंगणं होतं, हे मामांना माहीत होतं. पण टायर दोन इंचांनी ठेंगणं केलं तरी पायरी एकच इंच खाली येते, कारण निम्मं टायर आसाच्या वर असतं, हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी वाकून चाकाच्या मधोमध बोट टेकवलं.

"मंग वरच्या निम्म्याचा उपयोग काय?"

"गाडी चालते त्याच्यानं, मामा."

२०५/६५ बसवलं. पायरी बोटभर खाली आली. मामांनी पायरीला तळहात लावला, तो तसाच हवेत धरून नडगीपाशी आणला आणि "बराबर" म्हणाले. मामी उतरून पुन्हा चढून बघायला तयार झाल्या. चढल्या. मामांनी बाहेरून अदबीनं दार लावलं.

"जल्मभर साहेबांच्या बायकांना दार उघडून दिलं," मामी मला म्हणाल्या, "अन् मला टायर बारीक करून देऊन राह्यलेत. नशीब कुणाचं चांगलं, तुम्हीच सांगा."

मामा हसले नाहीत. ते वाकून पायरी पुन्हा मापत होते.

पावसाळा संपता संपता आले तेव्हा हात नडगीच्या मध्यावर होता. त्याहून ठेंगणं टायर मी दिलं नाही. त्यावर लिहिलेली वजनाची मर्यादा या गाडीला पुरत नव्हती, कुठंतरी फुटलं असतं. एरवी टायरवरून तासभर हुज्जत घालणारा माणूस लगेच गाडी काढून निघून गेला.

पुढच्या खेपेला डावीकडचं मागचं टायर कडेनं चिरलेलं होतं. नवऱ्यानं ते रिमवरून उतरवलं तर आतून मूठभर रबराचा भुगा निघाला. हवेशिवाय पळवलेल्या टायरचीच अशी गत होते. मी खडसावल्यावर मामांनी सांगितलं. अंगणात गाडी उभी करून ते डाव्या दोन्ही चाकांची हवा सोडायचे. गाडी त्या बाजूला कलली की मामी चढायच्या. मग हे पायपंपानं हवा भरायचे. परतताना दवाखान्याच्या दारात पुन्हा तेच. आणि डायलिसिसला उशीर होत असला की न भरताच गाडी हाणायचे.

"मामा, रस्त्यात टायर फाटलं तर दोघंही जाल."

"पण बसती ना, ताई. हवा सोडली की बसती."

नवीन टायर घालून दिलं आणि पुन्हा असं करू नका म्हणून बजावलं. ते म्हणाले, बिलकुल न्हाई. ते हवा सोडणार हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

त्यानंतर एकदा आले तेव्हा हात घोट्याला लागला होता. घोट्याच्या मापाचं टायर कोणत्याच गाडीला नसतं. मी तसं सांगितलं. मामी पुढच्या सीटवर डोळे मिटून होत्या. टोमणा आला नाही.

"बघा की एखादं," मामा म्हणाले. मी रॅकपर्यंत जाऊन आले. तिथं काही नाही हे जाण्याआधीच ठाऊक होतं.

थंडीत ते एकटे आले. पँट वर घेतली नाही.

"कोणतंबी टाका, ताई."

मी मूळचंच २१५/७५ काढलं. नवरा चाकं चढवत होता तोवर मामा गाडीकडे पाठ करून उभे होते. मी काही विचारलं नव्हतं.

"उचलावंच लागलं," ते म्हणाले. "दवाखान्यात नेतानी. चौघांनी. शुद्धीवर होती, ताई. माझ्याकडंच बघून राह्यल्ती. दोन दिवसांनी गेली."

गाडी पुन्हा पहिल्यासारखी उंच झाली. मामा चढून बसले आणि गेले.

उन्हाळ्यात मी त्यांच्या गावी एका लग्नाला गेले होते, तेव्हा वाटेत त्यांच्या घरी डोकावले. मामा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी ओळखलं, बसा म्हणाले. गाडी अंगणात लिंबाखाली होती. नव्या टायरवर बारीक रबरी केस असतात, गाडी चालली की झडून जातात. हे तसेच होते. दुकानातून घरी आली तेवढीच काय ती चालली असणार.

उभ्या गाडीची हवा उतरते ती चारही चाकांतून, हळूहळू. इथं उजवीकडची दोन्ही चाकं टणक होती. डावीकडची दोन्ही रिमपर्यंत बसलेली होती.